रेकॉर्ड किती खपल्या यावरून गायक किती मोठा, हे ठरतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंचवटीत माझ्याकडे गाणं शिकायला येणारी मुलं, त्यांचे पालक आणि दर महिन्याच्या श्रवण-बैठकीला येणारी जुनी मंडळी मला हे प्रश्न विचारत आली आहेत. कधी बैठक संपल्यावर चपला घालता घालता, तर कधी रात्री अकरा वाजता व्हॉट्सअॅपवर. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा यायला लागले, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. "अमक्याच्या इतक्या लाख रेकॉर्ड विकल्या गेल्या" असं म्हणतात, तेव्हा नेमकं काय मोजलेलं असतं?

इथे तीन वेगवेगळे आकडे असतात. कारखान्यात किती प्रती निघाल्या, दुकानांना किती गेल्या आणि गिऱ्हाइकाने पैसे मोजून किती घरी नेल्या. जाहिरातीत बहुतेकदा पहिला किंवा दुसरा आकडा येतो, कारण तो कंपनीच्या वहीत तयारच असतो. तिसऱ्यासाठी दुकानोदुकानी हिशेब घ्यावा लागतो.

लासलगावला कांद्याची आवक किती झाली आणि शेतकऱ्याच्या हाती पट्टी किती आली, या दोन गोष्टी आपण नाशिककर कधी एक समजत नाही. रेकॉर्डच्या बाबतीत मात्र तीच गल्लत सर्रास होते. अमेरिकेतल्या 'किस' या रॉक बँडच्या चौघांनी १९७८ साली एकाच दिवशी चार स्वतंत्र अल्बम काढले. कंपनीने प्रत्येकाच्या दहा लाखांच्या आसपास प्रती दुकानांना पाठवल्या आणि तेवढ्यावर चारही अल्बम 'प्लॅटिनम' ठरले. पुढे न खपलेला माल ढिगांनी परत आला आणि पडत्या भावात निघाला. मिळालेला मान मात्र कागदावर तसाच राहिला.

२. गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड म्हणजे किती प्रती?

देशागणिक वेगळ्या. अमेरिकेत रेकॉर्ड कंपन्यांची संघटना, आरआयएए, १९५८ पासून अधिकृत गोल्ड देते. आज तिथे अल्बमच्या ५ लाख प्रतींना गोल्ड, १० लाखांना प्लॅटिनम आणि १ कोटीला डायमंड मिळतं. यातलं प्लॅटिनम १९७६ साली सुरू झालं आणि डायमंड १९९९ साली. ब्रिटनमध्ये ६० हजारांना सिल्व्हर, १ लाखाला गोल्ड आणि ३ लाखांना प्लॅटिनम. म्हणजे नुसतं 'प्लॅटिनम' म्हणून काहीच कळत नाही, देश विचारावा लागतो.

दोन बारकावे लक्षात ठेवा. हा मान आपोआप मिळत नाही. कंपनीला अर्ज करावा लागतो, हिशेब तपासून घ्यावा लागतो आणि त्याचा खर्च द्यावा लागतो. ज्या कंपनीने अर्ज केला नाही तिच्या गायकाच्या भिंतीवर काही नाही. दुसरं म्हणजे, काही जोड-अल्बममधली प्रत्येक तबकडी आरआयएए वेगळी मोजते. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा 'द वॉल' हा दोन तबकड्यांचा अल्बम २३ वेळा प्लॅटिनम आहे, पण प्रत्यक्षात संच त्याच्या निम्मे, १ कोटी १५ लाख.

३. पण शेवटी जास्त खप म्हणजे जास्त लोकांना आवडलं, एवढं साधं नाही का?

नाही. खप चार गोष्टींवर हलतो: वाजवायचं यंत्र किती घरांत आहे, रेकॉर्ड आपल्या गावातल्या दुकानात येते का, किंमत किती आणि कंपनीने जाहिरातीवर किती ओतलं. आवड ही पाचवी गोष्ट. पहिल्या चारही जुळल्या तरच तिचा आकडा उमटतो. त्या कशा जुळतात आणि कशा चुकतात, ते पुढच्या उत्तरांत येईल.

४. आमच्या आजोबांच्या काळी रेकॉर्ड कोण विकत घ्यायचं?

ज्यांच्या घरी चावीचा ग्रामोफोन होता ते, आणि अशी घरं मोजकीच. भारतातली मोठी ध्वनिमुद्रण मोहीम नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात झाली. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने तिथे गायिका गौहर जानचा आवाज मुद्रित केला. त्या तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला पाठवाव्या लागत. १९०८ साली कलकत्त्यातच सियालदहला कारखाना निघाला तेव्हा माल इथेच तयार व्हायला लागला.

वाड्यात एकाच्या माडीवर ग्रामोफोन असला की चौकात बसून सगळा वाडा ऐकायचा. इराण्याच्या हॉटेलात चहा एक कप आणि गाणी पाच, असा हिशेब असायचा. एका खपलेल्या प्रतीमागे कान किती, हे कुणी मोजलं नाही आणि आता मोजता येणारही नाही. म्हणून त्या काळातला हजारांतला आकडा आजच्या हजारांसारखा वाचू नका.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं मावायची. तेवढ्यात राग उभा करणं ही वेगळी कला आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांना ती विलक्षण साधली. त्यांच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) रेकॉर्डी ऐकताना गाणं कापल्यासारखं कधीच वाटत नाही. पण ज्या गवयाला रंगायलाच पाऊण तास लागतो त्याने काय करायचं? त्याचं गाणं तबकडीत मावलं नाही, म्हणून खपलं नाही. त्या आकड्याने तबकडीची लांबी सांगितली, गवयाची उंची नाही.

५. काही मोठ्या गवयांच्या रेकॉर्डच नाहीत. मग त्यांचं यश शून्य?

या प्रश्नासाठीच मला हे सगळं लिहावंसं वाटलं. जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब १९४६ साली गेले. रेकॉर्डिंगचं युग ऐन भरात असताना ते गात होते, पण त्यांनी रेकॉर्ड दिली नाही. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, त्यांचाही आवाज आपल्याकडे नाही. दोघांचा खप शून्य.

आता त्यांच्या शिष्यांकडे बघा. खाँसाहेबांकडून केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर तयार झाल्या. मोगूबाईंकडून किशोरी आमोणकर. बुवांकडून बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव. महाराष्ट्राने शंभर वर्षं जे गाणं ऐकलं, त्याचा केवढा तरी भाग या दोन शून्यांमधून आला आहे.

स्वतः केसरबाई रेकॉर्डिंगबद्दल फारशा उत्सुक नसत, त्यांच्या ध्वनिमुद्रिका कमीच. पण १९७७ साली 'व्हॉयेजर' यानांवर पृथ्वीचं संगीत म्हणून जी सोनेरी तबकडी पाठवली, तिच्यात त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. दुसरं यान ५ सप्टेंबरला उडालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. ती तबकडी विक्रीसाठी केलेलीच नव्हती. आज ती ताऱ्यांमधल्या अवकाशात आहे. माझ्याकडच्या दहा-बारा वर्षांच्या मुलांना मी ही भैरवी आधी ऐकवते आणि गोष्ट मागून सांगते. गोष्ट कळल्यावर ती पुन्हा लावायला सांगतात.

६. नाशिकशी नातं असलेलं एखादं उदाहरण आहे का?

एक नव्हे, दोन पिढ्यांचं आहे. पंडित विष्णू दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गाणं दरबारातून आणि कोठ्यांतून सामान्य घरांत आणायचं, मुलींनीही ते शिकायचं, हे त्यांचं जन्माचं काम. उत्तर आयुष्यात ते नाशकात येऊन राहिले आणि इथे त्यांनी रामनाम आधाराश्रम चालवला. १९३१ साली ते गेले. त्यांचं यश मोजायचं तर ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर अशी शिष्यांची नावं घ्यावी लागतात. आजही गावोगावची मुलं प्रारंभिक आणि प्रवेशिकेच्या परीक्षांना बसतात, ती परंपराही त्यांच्याच कामातून निघालेली. यातलं कुठल्याही विक्रीच्या तक्त्यात येत नाही. याच शिष्यांमध्ये नारायणराव व्यासांच्या रेकॉर्डी मात्र घरोघरी गेल्या. एकाच गुरूची विद्या, एकीकडे तबकडी होऊन पसरली आणि दुसरीकडे शाळा होऊन.

दुसरी पिढी म्हणजे त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय विष्णू पलुसकर. त्यांचा जन्म नाशिकचाच, १९२१ चा. वडील गेले तेव्हा ते दहा वर्षांचे होते आणि स्वतः गेले ऑक्टोबर १९५५ मध्ये, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी. लाँगप्ले रेकॉर्ड आपल्याकडे रुळण्याआधीच. त्यांची भजनं आणि राग पुढे लाँगप्लेवर, कॅसेटवर, सीडीवर येत राहिले. त्यांच्या हयातीतला खप आणि नंतरचा खप एका ओळीत मांडून 'एकूण' करता येईल, पण त्या बेरजेतला मोठा भाग त्यांनी पाहिलेलाच नाही.

७. रेडिओवर गाजलेल्या गाण्यांचं काय?

गीतरामायण आठवा. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं आणि वर्षभर दर आठवड्याला एक असं चालत ५६ गीतं झाली. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत. लोक रेडिओला हार घालून बसत, असं घरोघरचे म्हातारे सांगतात. त्या वर्षात विकायला रेकॉर्ड नव्हतीच, रेकॉर्डी मागून आल्या. खपाच्या आकड्याने बघणाऱ्याला ते सबंध वर्ष कोरं दिसेल. आमच्या पंचवटीत तर त्या गाण्यातली ठिकाणं दारात आहेत. सीतागुंफेच्या गल्लीत राहणाऱ्या माझ्या आजीला त्यातली कितीतरी गीतं तोंडपाठ होती आणि तिच्या घरी ग्रामोफोन कधीच नव्हता.

८. मराठीत सर्वांत जास्त खपलेली कॅसेट कोणती?

अशा याद्या फिरतात, पण त्यांच्या मागे तपासलेला हिशेब नसतो. कंपनीने समारंभात सांगितलेला आकडाच पुढे पुढे जात राहतो.

त्यातून कॅसेटचा काळ तर मोजणीला पार हुलकावणी देणारा. ऐंशीच्या दशकात टेपरेकॉर्डर स्वस्त झाले, कॅसेट करायला मोठा कारखाना लागेना, आणि एचएमव्हीची मक्तेदारी मोडली. टी-सीरिजसारख्या कंपन्यांनी पानटपरीपासून किराणा दुकानापर्यंत माल पोचवला. ही फार चांगली गोष्ट झाली. ज्या गायकांना मोठ्या कंपनीने दारात उभं केलं नसतं त्यांचा आवाज खेड्यात पोचला. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज एसटीच्या थांब्यावर आणि देवळाच्या लाऊडस्पीकरवर ऐकत आमची पिढी वाढली.

पण त्याच यंत्रावर नक्कलही निघायची. आणि नक्कलेशिवाय आणखी एक प्रकार होता: कॅसेट भरून घेणे. मेन रोडला एका दुकानात मी वहीच्या पानावर गाण्यांची यादी आणि कोरी साठ मिनिटांची कॅसेट देऊन यायचे. चार दिवसांनी भरलेली मिळायची. दुकानात आणखी पन्नास याद्या खिळ्याला अडकवलेल्या असायच्या. त्या यादीतल्या गायकांच्या नावावर एकही विक्री लागली नाही. वणीच्या गडावर चैत्रात आणि नवरात्रात देवीच्या गाण्यांच्या ज्या कॅसेटी पथारीवर खपल्या, त्यांचंही तेच. कुठलीही आकडेवारी त्या पथारीपर्यंत आली नाही.

९. ज्यांची गाणी हजारो लोक गातात पण नाव रेकॉर्डवर नसतं, त्यांना यशस्वी म्हणायचं का?

वामनदादा कर्डकांना काय म्हणाल? जन्म सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा, १५ ऑगस्ट १९२२. औपचारिक शिक्षण नाही. गिरणीत आणि मजुरीत दिवस काढले, अक्षरं मोठेपणी शिकले आणि पुढचं सगळं आयुष्य बाबासाहेबांचा विचार गाण्यातून गावोगाव नेण्यात घातलं. २००४ साली ते गेले. चौदा एप्रिलला नाशिक रोडपासून कुठल्याही वस्तीत उभे राहा, त्यांची ओळ कानावर येईलच. गाणारा दुसरा, वाजवणारा तिसरा, आणि कितीदा गाणाऱ्याला ठाऊकही नसतं की ओळ कुणाची.

मी याला यश म्हणते, आणि फार मोठं म्हणते. फक्त एक सल आहे. गाणं लोकांचं झालं तरी लिहिणाऱ्याचं नाव घेतलं जावं. मंचावरून गाणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, आधी कवीचं नाव घ्या. त्याला एक वाक्य लागतं.

१०. नाशिक ढोलचा अल्बम कुठे मिळेल? त्याला इतकी प्रसिद्धी आहे तर खपही असेल ना?

ढोलाचं गणित रेकॉर्डचं नाहीच, सुपारीचं आहे. विसर्जनाची मिरवणूक, लग्नाची वरात, उद्घाटन, पुढाऱ्याचं स्वागत, यांसाठी पथकाला बोलावणं येतं. 'नाशिक ढोल' हे नाव गावाबाहेर इतकं पसरलं की दुसऱ्या जिल्ह्यांतली पथकंही ते लावतात. हा नावलौकिक प्रत्यक्ष वादनातून आला. शिवाय ढोल हा छातीवर ऐकायचा प्रकार आहे, मोबाइलच्या स्पीकरमधून त्याचा निम्मा प्राण जातो. तेव्हा ध्वनिमुद्रण मिळालं तरी त्याच्या खपावरून पथकाची किंमत करू नका. पुढच्या वर्षी त्याच मंडळाने परत बोलावलं का, हे विचारा.

११. लतादीदींनी २५ हजार गाणी गायली, हे खरं का? तो आकडा तरी पक्का आहे ना?

हा खपाचा आकडा नाही, मुद्रित गाण्यांच्या संख्येचा आहे, पण दोन्ही नेहमी एकत्र विचारले जातात. गिनीज बुकाने १९७४ साली लताबाईंच्या नावावर १९४८ पासूनची किमान २५ हजार गाणी नोंदवली. मोहम्मद रफींनी त्याला हरकत घेतली, आपली त्याहून जास्त आहेत असं त्यांचं म्हणणं होतं. १९९१ मध्ये ती नोंद काढून टाकण्यात आली. २०११ साली आशाबाईंचं नाव गिनीजमध्ये आलं, ११ हजारांपर्यंत गाण्यांसाठी. संग्राहकांनी एकेक गाणं धरून याद्या करायला घेतल्या तेव्हा २५ हजारांच्या जवळपासही कुणी पोचलं नाही.

आता सांगा, यादी आखडली म्हणून त्यांच्या आवाजातला एखादा सूर कमी झाला का? आकडा फुगवण्याची गरज होती तरी कुणाला? रसिकाला तर नव्हतीच.

१२. आता यूट्यूबचे व्ह्यूज आणि स्पॉटिफायचे स्ट्रीम आपोआप मोजले जातात. मग तर आकडा खरा असेल?

मोजणी यंत्र करतं, पण काय मोजायचं ते माणूसच ठरवतो. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की एक स्ट्रीम धरतात. आता हे वाक्य एखाद्या ख्यालियाला ऐकवून बघा, तीस सेकंदांत तंबोराही पुरता जुळलेला नसतो! अमेरिकेत २०१६ पासून १,५०० स्ट्रीम म्हणजे एक अल्बम असं धरून गोल्ड आणि प्लॅटिनम देतात. दीड हजारच का, बाराशे का नाही? तो एक ठराव आहे. ठराव बदलला की त्याच गायकाचं यश रातोरात लहान-मोठं होतं.

व्ह्यूज विकतही घेता येतात, तेही जाहिरातीच्या रीतसर वाटेने. जुलै २०१९ मध्ये बादशाहच्या एका गाण्याला चोवीस तासांत साडेसात कोटी व्ह्यूज मिळाले. जाहिरातीवर पैसे लावल्याचं त्याने स्वतः लपवलं नाही. नंतर यूट्यूबने चोवीस तासांच्या विक्रमातून जाहिरातीचे व्ह्यूज वगळायचा नियम केला.

आणि निसटतं ते अजूनही निसटतंच. सटाणा-मालेगावकडची अहिराणी लग्नगीतं डीजेच्या पेनड्राइव्हमधून आणि ट्रॅक्टरवरच्या मेमरी कार्डातून किती वाजतात, ते कोण मोजणार? प्रश्न ८ मधली भरून घेतलेली कॅसेट हीच, फक्त आकाराने लहान झाली.

१३. मोजायची पद्धत बदलली तर गाजणारे कलाकारही बदलतात का?

हो, आणि याचा सर्वांत स्पष्ट पुरावा अमेरिकेतला आहे. 'बिलबोर्ड' या तिथल्या संगीत-नियतकालिकाची अल्बम-क्रमवारी आधी दुकानदारांना विचारून बनायची. काय चांगलं चाललंय, हे दुकानदार अंदाजाने आणि काही वेळा कंपनीच्या आग्रहाने सांगायचा. मे १९९१ पासून 'साउंडस्कॅन' वापरायला लागले, म्हणजे गल्ल्यावर बारकोड वाचला की विक्री नोंदली जाणार. बघता बघता कंट्री, रॅप आणि हेवी मेटलवाले वर आले. गार्थ ब्रुक्ससारखा कंट्री गायक देशाच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. त्यांचे श्रोते एका आठवड्यात जन्मलेले नव्हते. ते आधीपासून होते, त्यांना धरलं जात नव्हतं.

वेगवेगळ्या काळांची तुलनाही याच कारणाने फसते. एकाच श्रोत्याने एकच अल्बम आधी लाँगप्लेवर, मग कॅसेटवर, मग सीडीवर असा तीनदा घेतला. माणूस एक, विक्री तीन.

१४. फुकट वाटलेली किंवा तिकिटाबरोबर दिलेली रेकॉर्ड विक्रीत धरतात का?

नियम बदलत आले आहेत. २००४ साली प्रिन्स या अमेरिकी गायकाने मैफलीच्या तिकिटाबरोबर अल्बम दिला आणि त्या प्रती विक्रीत धरल्या गेल्या. मग बिलबोर्डने नियम कडक केले. २०१४ मध्ये 'यू-टू' या रॉक बँडचा अल्बम अॅपलच्या सुमारे ५० कोटी ग्राहकांच्या खात्यात न मागता जाऊन पडला. पोचलेल्यांची संख्या अचाट, पण 'हा काढून कसा टाकायचा' असं विचारणारे इतके निघाले की अॅपलला त्यासाठी वेगळं पान करावं लागलं.

१५. खप मोठा असेल तर निदान कलाकाराला पैसे तरी मिळत असतील ना?

मिळायला हवेत, पण खप आणि कमाई यांच्यामध्ये करारपत्र असतं. डेट्रॉइटचा रॉड्रिग्ज हा गायक सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दोन अल्बम काढून अमेरिकेत विस्मृतीत गेला. तिकडे दक्षिण आफ्रिकेत त्याच्या रेकॉर्डी प्रचंड खपत होत्या. तो मात्र बांधकामावर मजुरी करत होता. आपण तिथे केवढे प्रसिद्ध आहोत, हे त्याला नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कळलं. १९९८ साली तो तिथे गायला गेला.

आपल्याकडे चित्रपटात गाणाऱ्याला बहुधा एकदाच ठरलेली रक्कम मिळायची, नंतर कितीही प्रती खपोत. रॉयल्टी हवी असा आग्रह लताबाईंनी धरला आणि त्यावरून रफीसाहेबांशी त्यांचं बिनसलं. काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीचा वाटा सही करून देऊन टाकता येणार नाही अशी तरतूद केली, गायकांच्या हक्कांनाही बळ दिलं. तेव्हा माझ्या विद्यार्थ्यांना माझं एकच सांगणं असतं: स्टुडिओत जाण्याआधी कागद वाचा, 'सर्व हक्क कायमचे' असे शब्द दिसले तर थांबा आणि जाणकाराला दाखवा.

१६. मग हे आकडे सरळ टाकूनच द्यायचे का?

अजिबात नाही. एकाच काळातल्या, एकाच बाजारातल्या आणि एकाच पद्धतीने मोजलेल्या दोन रेकॉर्डींची तुलना करायला ते चांगले. एखाद्या गायकाचा श्रोता वाढतोय की आटतोय, ते त्याच्याच मागच्या आकड्यांवरून दिसतं. कंपनीशी वाटाघाट करताना तर आकडा हेच कलाकाराचं हत्यार आहे. तो हाती नसला की कंपनी सांगेल ते ऐकावं लागतं. आकडा समोर आला की मी तीन गोष्टी विचारते: कुणी मोजलं, काय मोजलं आणि तो मोठा दिसण्यात कुणाचा फायदा आहे.

१७. माझी मुलगी छान गाते, पण आयोजक आधी फॉलोअर किती ते विचारतात. काय सांगू?

त्यांचा प्रश्न समजून घ्या, त्यांना खुर्च्या भरायच्या असतात. फॉलोअर किती ते खरं सांगा, पण तेवढ्यावर थांबू नका. मागच्या दोन वर्षांत कुठे कुठे गायली, त्यातल्या किती ठिकाणांहून दुसऱ्यांदा बोलावणं आलं, बिदागी किती मिळाली, तिकीट लावलेल्या कार्यक्रमाला किती माणसं आली, हे एका वहीत लिहून ठेवा आणि ते दाखवा. नाशिकच्या पिंपळपारावर दिवाळी पाडव्याच्या पहाटे थंडीत शाल पांघरून बसलेले श्रोते गायकाचे फॉलोअर बघून आलेले नसतात. तिथे तिसऱ्या गाण्याला कुणी उठून गेलं नाही, ही खरी पावती.

आणि मुलीसमोर रोज आकडा उघडू नका. माझ्या एका विद्यार्थिनीने व्हिडिओला लाइक कमी आले म्हणून मारवा राग शिकणंच सोडलं होतं. परत आणायला आठ महिने लागले. आता ती मारवाच सर्वांत चांगला गाते.

१८. घरात जुन्या रेकॉर्डी सापडल्या. जास्त खपलेल्या रेकॉर्डला जास्त किंमत येते का?

बहुधा उलट. जी लाखांनी निघाली ती अजून भरपूर सापडते, म्हणून स्वस्त. जी तेव्हा कुणी घेतली नाही तिच्यासाठी संग्राहक आज फिरतात. अर्थात तबकडीची अवस्था आणि वरचं पाकीट हेही बघतात.

१९. आजोबांनी गायलेली एक ७८ ची रेकॉर्ड आहे. तिच्या किती प्रती खपल्या ते तबकडीवरून कळेल का?

नाही. लेबलवरचा क्रमांक हा कंपनीच्या सूचीतला असतो आणि मधल्या कोऱ्या पट्टीत कोरलेला क्रमांक त्या ध्वनिमुद्रणाचा. त्यावरून मुद्रण साधारण कधीचं, ते शोधता येतं. प्रती किती, ते नाही.

पण तुम्हाला हवी असलेली गोष्ट त्या तबकडीवर आहेच. तिच्यावर लाँगप्लेची सुई लावू नका, ७८ ची खाच रुंद असते आणि तिला जाड टोकाची सुई लागते. जुन्या ग्रामोफोनवर एकच लोखंडी सुई पुन्हा पुन्हा वापरू नका, तिने खाच खरवडली जाते. ओल्या फडक्याने लेबल पुसू नका. उभी ठेवून, कापडात गुंडाळून श्रवण-बैठकीला घेऊन या. आपण ती सावकाश वाजवू आणि तेव्हाच संगणकावर उतरवून घेऊ. घरातल्या ज्यांनी आजोबांना प्रत्यक्ष ऐकलं आहे त्यांनाही सोबत आणा. तबकडीवर त्यांनी कुठली जागा तीन मिनिटांसाठी गाळली, ते तेच सांगू शकतील.